कात्राबाईच्या खिंडीत हरवलेली किल्ली

पहिला दिवस : पुणे ते रतनवाडी

२२ जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्या पहाटे आईचा फोन आला होता. "जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलंय, मी वर जाते." त्यानंतर तीस तास काही नाही. टॉवर गेले, वीज गेली, रस्ते गेले. तीस तासांनी शेजारच्या मुलाने कुठूनतरी फोन लावला आणि म्हणाला, "काकू बऱ्या आहेत." त्या तीन शब्दांसाठी आम्ही दोघं बहीणभाऊ तीस तास जागे होतो. एवढे तीन शब्द टॉवरशिवाय का जाऊ नयेत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही पाच दिवसांची वाट आम्ही यंदा डिसेंबरात चाललो ती या प्रश्नासाठी.

धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्समधला. त्याचं उत्तर होतं मेशटॅस्टिक. २०२० पासून जगभरचे लोक मिळून घडवत असलेली ही मुक्त प्रणाली. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं रेडिओचं उपकरण फोनला ब्लूटूथने जोडायचं आणि फोनवरून मजकूर लिहायचा. सिम नाही, इंटरनेट नाही. एका उपकरणाने बोललेलं दुसरं ऐकतं आणि पुढं सांगतं. अशा तीन उड्या ठरलेल्या, वाढवून सातपर्यंत. खालचं तंत्र लोरा, म्हणजे थोड्या विजेवर लांब पोचणारा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे, त्यात हे चालतं. आमच्या उपकरणांची ताकद दीडशे मिलिवॉटच्या आसपास, म्हणजे घरातल्या साध्या दिव्यापेक्षा कितीतरी कमी. पण समोर डोंगर आडवा नसेल तर एवढ्यावर मजकूर दहापंधरा किलोमीटर सहज जातो.

अमेरिकेतला मामेभाऊ म्हणाला होता, "उपग्रहावर चालणारं छोटं यंत्र पाठवतो, एक बटण दाबलं की मदत." मी नको म्हटलं. आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तसलं संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशाच यंत्रासाठी अडवलं होतं. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढता येतो, तो रस्ता चांगला आहे. पण त्या लहरींवर सांकेतिक भाषेत बोलायची मुभा नसते, जे बोलाल ते सगळ्यांसमोर.

राजूर, शेंडी करत भंडारदऱ्याच्या पाण्याकडेने रतनवाडीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आम्ही पाच जण. मी, भाऊ, भावजय, वाट दाखवायला गावातले मामा आणि गाडीपाशी थांबणारा माझा नवरा. जेवणं झाल्यावर ओटीवर बसून भावाने एक गोष्ट दाखवली. एका संदेशात साधारण २०० बाइट मावतात; बाइट म्हणजे यंत्राचं मजकूर मोजायचं माप. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, काना-मात्रा-वेलांटीला वेगळे तीन आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही तीन. समोर अंधारात उभ्या असलेल्या देवळाचं नाव घ्या. 'अमृतेश्वर' देवनागरीत २७ बाइट, रोमनमध्ये ११. शिवाय संदेश जितका लांब तितका वेळ हवा अडते. पुरा भरलेला संदेश जायला जवळपास दोन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. आपल्या भाषेत हाक मारायला जवळपास अडीचपट मोल पडतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. मग आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचं ठरवलं. या निर्णयाचं काय झालं ते तिसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस : रतनगड

पहाटे थंडी इतकी की उपकरणाचं बटण दाबताना बोटाला कळत नव्हतं. जंगलातून चढून शिड्यांखाली आलो, शिड्या चढून गणेश दरवाजा, मग गुहा, आणि उन्हं तापायच्या आत नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात. नेढ्यात बसलं की वारा एका बाजूने शिरतो आणि दुसरीकडून निघतो, मध्ये आपण. उत्तरेला कळसूबाई, पलीकडे अलंग-मदन-कुलंग, दक्षिणेला कात्राबाई, आजोबा आणि लांबवर हरिश्चंद्रगडाचा पसारा. हा सगळा परिसर डोळ्यांना जसा मोकळा दिसतो तसाच रेडिओलाही दिसतो.

दोन मिनिटांत माझ्या फोनवर एक अनोळखी नाव उमटलं. कोण, कुठलं, माहीत नाही. पाठोपाठ उघड्या वाहिनीवर इंग्रजीत नमस्कार आला. आईची हाक अशीच कुणीतरी ऐकावी म्हणून तर हे सगळं चाललंय. मी आनंदाने उत्तर लिहायला घेतलं आणि माझं लक्ष आमच्याच यादीकडे गेलं. भावाने भावजयीच्या उपकरणाला तिचं पूर्ण नाव दिलं होतं, आडनावासकट. उपकरणं आपली नावं ठरावीक वेळाने आपणहून हवेत सोडत असतात. म्हणजे कुठल्याशा गावात बसलेल्या कुणा अनोळखी माणसाला आता ठाऊक होतं की या नावाची बाई आसपासच्या डोंगरात आहे. तो माणूस बहुधा आमच्यासारखाच हौशी आणि भला. तरी मी तिथल्या तिथे नावं बदलायला लावली. झाडांची नावं दिली : मी उंबर, भाऊ साग, भावजय बहावा, नवरा हिरडा.

इथे वाहिन्यांचं सांगायला हवं. नवं उपकरण चालू केलं की ते एका सामाईक वाहिनीवर येतं. तिच्यावरचा मजकूर कुलूपबंदच असतो, पण त्या कुलपाची किल्ली जगजाहीर आहे : एक्यू आणि पुढं दोन बरोबरची चिन्हं. जगातल्या प्रत्येक नव्या उपकरणात हीच. म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगलेली. आम्ही ही वाहिनी मुद्दाम चालू ठेवली होती, कारण अडचणीत अनोळखी माणसानेही ऐकायला हवं. तिच्यावर ठिकाण सांगणं मात्र बंद. शिवाय २५६ बिटांची किल्ली असलेली एक खाजगी वाहिनी, फक्त पाच उपकरणांत, तिच्यावर नेमकं ठिकाण. उघडी वाहिनी मदतीसाठी आणि बंद वाहिनी घरासाठी.

बंद वाहिनीतही एक भोक आहे असं भाऊ घरीच म्हणाला होता. सगळ्यांची किल्ली एकच. ज्याच्याकडे ती आहे तो कुणाच्याही नावाने बोलू शकतो. मला ते पटलं होतं, पण कळलं नव्हतं. म्हणून मीच त्याला म्हटलं, करून दाखव. त्याने पिशवीतल्या पाचव्या, जादा उपकरणाचं नाव 'उंबर' केलं आणि खाली थांबलेल्या माझ्या नवऱ्याला लिहिलं : पाय मुरगळलाय, शिडीखाली ये.

मी 'गंमत होती' असं लगेच लिहिणार होते. पण आम्ही बोलत नेढ्यातून खाली उतरलो आणि कातळ आडवा आला. माझा खरा संदेश तीनदा प्रयत्न करून परत आला. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की पोचला नाही. खोटा संदेश गेला होता आणि खरा जात नव्हता. धावत परत वर जाऊन लिहिलं तेव्हा पाऊण तास उलटला होता. नवरा प्रथमोपचाराची पेटी घेऊन, गाडी तशीच टाकून, जंगलातून निम्म्या वाटेवर आला होता. उतरताना भेटला, घामाने भिजलेला. माझ्या पायांकडे बघत राहिला. काही बोलला नाही. मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी ओटीवर नियम ठरला. कुणाला बोलावणं, परत फिरवणं, वाट बदलणं असा काहीही निरोप आला की आधी उलटा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना येईल. उत्तर आलं तरच हलायचं. पण खरंच पाय मुरगळलेला असेल तर त्या प्रश्नोत्तरांत मिनिटं जाणार. बॅटरी संपत आलेली असेल तर उत्तर येणारही नाही. यावर बराच वेळ बोललो. शेवटी नवराच म्हणाला, "विचारायचं. मी धावलो ते चुकलं नाही, न विचारता धावलो ते चुकलं."

माणसामाणसांतले थेट संदेश याहून बरे आहेत. मेशटॅस्टिकच्या २०२४ मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीपासून प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्ल्यांची जोडी असते, एक जगाला दाखवायची आणि एक पोटात ठेवायची. त्यामुळे थेट संदेशात दुसऱ्याचं सोंग घेणं बरंच अवघड होतं. त्यालाही २०२५ मध्ये गालबोट लागलं. काही उत्पादकांनी एकाच उपकरणातल्या प्रणालीची प्रत किल्लीसकट पुढच्या सगळ्यांत उतरवली, त्यामुळे वेगवेगळ्या लोकांच्या हातात तीच किल्ली गेली. २.६.११ मध्ये ते दुरुस्त झालं. आम्ही निघण्याआधी सगळ्या किल्ल्या नव्याने पाडल्या होत्या आणि एका टेबलाभोवती बसून एकमेकांना ओळखवल्या होत्या.

तिसरा दिवस : कात्राबाईची खिंड, कुमशेत

नवरा गाडी घेऊन राजूरमार्गे पाचनईला निघाला. आम्ही चौघं जंगलात शिरलो. गडाच्या शिड्यांखालून एक वाट फुटते ती कात्राबाईकडे. झाडी इतकी दाट की मामा पुढे दहा पावलांवर असले तरी नुसता कोयत्याचा आवाज यायचा. खिंडीत देवीपाशी टेकलो. मामांनी पानावर शेंदूर वाहिला. मी खाजगी वाहिनीवर लिहिलं, रोमन अक्षरांत : कुमशेतला मुक्काम, शाळेजवळच्या घरी.

खिंड उतरून कारवीतून बाहेर पडलो, समोर आजोबाचा कडा आला आणि भावजय थांबली. पिशवीच्या पट्ट्याला अडकवलेलं उपकरण नव्हतं. पट्ट्याची कडी उघडी लटकत होती.

माझ्या फोनवर 'बहावा' शेवटचा ऐकू आला होता चाळीस मिनिटांपूर्वी, खिंडीच्या जरा खाली. त्याच्यात जीपीएस असल्याने नकाशावर टिंबही होतं. ते तिथे चालू होतं, बोलत होतं, फक्त मध्ये डोंगर आल्याने आम्हाला ऐकू येत नव्हतं. भाऊ आणि मामा परत चढून गेले. टिंबाच्या आसपास तासभर कारवी उपसली. नाही सापडलं.

त्या दिवशी मी काय काय मोजलं ते लिहायलाच हवं. उपकरण साडेतीन हजारांचं, त्याचं काही नाही. पण त्याच्यात आमच्या खाजगी वाहिनीची किल्ली होती. ज्याच्या हातात ते असेल त्याला आमचं सगळं बोलणं ऐकू येणार, आम्ही चौघं नेमके कुठे आहोत ते नकाशावर दिसणार, भावजयीच्या नावाने बोलता येणार. किल्ली कितीही लांब असो, ती त्या पेटीत होती आणि पेटी झुडपात. भाऊ म्हणाला, "ताई, रानात कोण आहे? आणि असलाच तर त्याला हे कळणार कसं?" त्याचं म्हणणं खरंच होतं. तरी एका अनोळखी घरात आम्ही दोघी बायका रात्री झोपणार आणि ते घर कुठलं हे मी स्वतः लिहून ठेवलेलं, हे मला विसरता येईना.

दिवेलागणीला कुमशेतच्या त्या घरापुढे गुरं आली. त्यांच्यामागून आठवीतला एक पोरगा अंगणात आला आणि खांद्यावरच्या घोंगडीतून 'बहावा' काढून त्याने पुढे धरला.

"हे तुमचंच ना? याच्यावर लिव्हलंय."

त्याने बटण दाबलं. अंगठ्याएवढा पडदा उजळला आणि तो एकेक इंग्रजी अक्षर बोटाने दाखवत वाचू लागला. के, यू, एम... कुमशेत. मग पुढचं. शाळेजवळच्या घरी. खिंडीखाली गुरं चारताना त्याला ते सापडलं होतं, बटण दाबल्यावर शेवटचा आलेला संदेश दिसला होता. शाळेजवळच्या कुणाच्या घरी पाहुणे उतरतात हे त्याला ठाऊकच होतं.

हवेतून जाताना त्या ओळीला जगातलं कुणी फोडू शकलं नसतं असं कुलूप होतं. पोचल्यावर तीच ओळ पडद्यावर उघडी पडून होती, बटण दाबेल त्याला दिसेल अशी. आणि देवनागरीत लिहिलं असतं तर? त्या पडद्याला देवनागरी उमटवता येत नाही. पोराला नुसती निरर्थक चिन्हं दिसली असती आणि उपकरण आजही कारवीत असतं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या खिशात.

भावजयीने त्याला जवळ बसवलं, उपकरण उघडून आत काय काय असतं ते दाखवलं, त्याच्या नावाने एक संदेश पाठवून दुसऱ्यावर उमटवला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तार नाही कुठं." रात्री त्याच्या घरून आमच्यासाठी दूध आलं.

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, आता किल्ली बदलायची. मी विचारलं, कशाला? पोरगा चांगला आहे, डोळ्यांनी बघितला. तो म्हणाला, पोरगा चांगलाच आहे, पण सहा तास पेटी आपल्या नजरेआड होती, आणि उद्या हे एखाद्या गावासाठी करायचं असेल तर सवय आजच लागायला हवी. त्याचं बरोबर होतं. चुलीपाशी बसून नवी किल्ली पाडली, एका फोनवर क्यूआर दाखवला, बाकीच्यांनी टिपला. 'बहावा'च्या पोटातली जोडीही नवी केली. त्याबरोबर आमच्या फोनवर त्याच्या नावापुढे लाल किल्ली आली : हा तोच आहे याची खात्री नाही. समोर बसलेल्या माणसाबद्दल यंत्र अशी शंका घेतं तेव्हा विचित्र वाटतं, पण ती शंका योग्यच आहे.

नवरा पाचनईला होता. जुन्या किल्लीसकट.

चौथा दिवस : पेठेची वाडी, पाचनई

चालण्याचं सांगण्यासारखं फार नाही. मुळेच्या खोऱ्यातून ऊन डोक्यावर घेऊन पेठेची वाडी, डाव्या हाताला कलाडगड, मग चढ. पण त्या चढावर मला जे दिसलं ते सगळ्या सहलीत मोलाचं होतं.

धारेवर आल्यावर भावाने फोनवर आलेल्या कच्च्या नोंदी उघडल्या. एकामागून एक ओळी येत होत्या, उलगडत मात्र नव्हत्या. पाठवणाऱ्याचा क्रमांक 'हिरडा'चा. वेळ सकाळपासूनची : ९ वाजून १० मिनिटं, ९:४०, १०:०५, १०:१०, १०:१२. पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो, कुलूप फक्त आतल्या चिठ्ठीला. त्यामुळे नवरा बोलतोय हे कळत होतं, काय बोलतोय ते नाही. आपल्याच माणसाचं बोलणं आम्ही चोरट्यासारखं बाहेरून बघत होतो. तरी मला सगळं कळलं. आधी अर्ध्या तासाने एक, मग पाच मिनिटांनी, मग दोन मिनिटांनी. काळजीत पडलेला माणूस कसा लिहितो हे ओळखायला चिठ्ठी उघडावी लागत नाही. कुणी आमच्या वाईटावर असता तर त्यालाही एवढं पुरलं असतं. किती जण आहेत, कोण कधी बोलतो, कधी घाबरतात. आणि जिथून बोलतो तिथली दिशा शोधणारे अँटेनाही असतात. लहर सुटली की आपण कुठेतरी आहोत हे सांगूनच सुटते.

माझ्या उपकरणाची जोडी बदललेली नव्हती, म्हणून मी थेट संदेश पाठवला. आम्ही सुखरूप, किल्ली बदलली, हा नवा दुवा टाक.

उत्तर आलं : आईच्या न्हाणीमागे काय आहे?

मी लिहिलं : कढीपत्ता.

दोन मिनिटांनी खाजगी वाहिनीवर हिरडा आला. पाचनईच्या पारावर तो भेटला तेव्हा मी आधी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "दुवा आला तेव्हा वाटलं, लगेच टाकावा. मग रतनगड आठवला." काल रात्री किल्ली बदलताना माझ्या मनात परका माणूस होता, आणि बाहेर राहिला तो घरचा. पूर आलेल्या गावात हे झालं असतं तर? पन्नास उपकरणांची किल्ली बदलायची आणि त्यातली दहा छपरांवर अडकलेल्या लोकांच्या हातात. तिथे मी किल्ली बदलणार नाही. मदतीचं बोलणं उघड्या वाहिनीवरच ठेवीन, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. बंद ठेवायचं ते फार थोडं : कुठल्या घरात एकटी बाई आहे, कुठलं घर रिकामं आहे, औषधं कुठे ठेवली आहेत.

पाचवा दिवस : हरिश्चंद्रगड

पाचनईहून ओढ्याकाठाने चढून गेलो. केदारेश्वराच्या गुहेत पाणी कमरेइतकं, बर्फासारखं. चार खांबांतला एकच उभा आहे, त्याच्याकडे बघत सगळे गप्प झाले. दुपारी तारामतीवर.

दक्षिणेला डोंगरांच्या रांगा भीमाशंकरकडे जातात. त्या बाजूला माळीण. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर गावावर आला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला कळलं ते एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव दिसलं नाही म्हणून. मामांना मी हे सांगितलं नाही, त्यांना माहीत होतं. तेच म्हणाले, "ताई, अशी एक पेटी आमच्या देवळावर बसवाल का? पावसात चार महिने आमचाबी फोन लागत नाही."

सौरपट्टी, पाण्यापासून जपणारा डबा आणि कमी वीज खाणारं उपकरण, एवढ्यात होईल. नेढ्यासारख्या उंच जागी दुसरं बसवता आलं तर रतनवाडी कदाचित राजूरपर्यंतही बोलेल. पण ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे खिळाही ठोकायचा नाही. परत गेल्यावर अर्ज करणार आहे.

उतरताना भाऊ आणि भावजय वाद घालत होते. तो म्हणत होता, यापुढे मुक्कामाचं नाव लिहायचं नाही, 'ठरल्या जागी' एवढंच लिहायचं. ती म्हणाली, "तसं लिहिलं असतंस तर तो पोरगा कुठे आला असता?" पाचनई येईपर्यंत त्याला उत्तर सुचलं नव्हतं. मलाही सुचलेलं नाही.

पुढच्या महिन्यात चिपळूणला आईच्या गच्चीवर एक उपकरण बसवायचं आहे. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे पडद्याचा उपयोग नाही; एक जुना फोन मोठ्या अक्षरांचा करून देणार आणि तिच्याशी देवनागरीतच लिहिणार, २७ बाइट लागले तरी. फोनवर तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "शेजारच्या पोराला पण ऐकू येईल का गं?" मी म्हटलं, येईल, त्याच्या घरीही एक देऊ.